दोन फ्रेमा आणि टेकडीचा उतार

कन्हानला सायकली भाड्याने देणाऱ्या एका म्हाताऱ्याने दुकान बंद करायचं ठरवलं, तेव्हा जाता जाता त्याने आमच्या वडिलांना दोन फ्रेमा देऊ केल्या. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. आम्ही नागपुरात प्रताप नगरला राहायचो आणि ते रोज जाऊन-येऊन करायचे. म्हाताऱ्याचा नातू त्यांच्या हाताखाली शिकून नोकरीला लागला होता, म्हणून हा लोभ. नुसत्या फ्रेमा, बरं का. चाकं, हँडल, ब्रेक, सीट हे सगळं आमचं आम्ही जमवायचं होतं. सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. माझी मोठी बहीण बी.एस्सी. करत होती, मी नुकताच कॉलेजात गेलो होतो, आणि घरात दोघांमध्ये एकच सायकल होती. पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा वाकलेला असल्याने ती कायम डावीकडे ओढायची.

त्या वर्षी आमच्या लेआउटमधल्या पोरांना टेकडीचं वेड लागलं होतं. सेमिनरी हिल्सच्या माथ्यावरून फुटाळा तलावाच्या बाजूला उतरणारी मुरमाची एक जुनी वाट होती. लाकूडफाटा आणणाऱ्या बायांनी आणि बकऱ्यांनी पाडलेली. सागाच्या, पळसाच्या झाडांमधून वळणं घेत ती खाली डांबरी रस्त्याला मिळायची. पोरं सायकलीचे मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर, घंटी सगळं काढून ठेवायची आणि त्या वाटेवरून सुसाट खाली यायची. उतारासाठी म्हणून मुद्दाम वेगळ्या सायकली बनवतात असं तेव्हा कोणी आम्हाला सांगितलं असतं, तर आम्ही हसलो असतो. बाजारहाट करायची सायकल तीच, शर्यतीची तीच, गव्हाचं दळण आणायचीही तीच.

ताई पहिल्यांदा टेकडीवर आली ती मला बोलवायला. आईने पाठवलं होतं. वर उभी राहून तिने दोन-तीन पोरांना उतरताना पाहिलं, मग माझ्या हातातून सायकल घेतली, ओढणी कमरेला आवळून बांधली आणि गेली. मी धावत धावत खाली पोचलो तेव्हा ती रस्त्यावरच्या पुलियाजवळ, म्हणजे छोट्या पुलापाशी, उभी राहून पुन्हा वर कसं जायचं ते विचारत होती. तेव्हापासून रविवारी विहारातली वंदना आटोपली की आम्ही दोघं टेकडीवर जाऊ लागलो. आई कुरकुर करायची. वडील काही बोलायचे नाहीत. पोरीला एकदा अडवलं की अडवायची सवय लागते, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी आजोबांकडून घेतलं होतं.

मी मात्र भित्रा होतो. हे लिहायला आता लाज वाटत नाही. पूर्ण उतारभर मी ब्रेक दाबून धरायचो आणि सगळे खाली येऊन गप्पा मारत बसले की मग पोचायचो. कोणी फारसं चिडवायचं नाही, कारण ताईचा भाऊ होतो.

तर त्या दोन फ्रेमा. वडिलांसोबत आम्ही दोघं कन्हानला गेलो. दुकानाच्या मागच्या अंगणात म्हाताऱ्याने त्या कडुलिंबाला टेकवून ठेवल्या होत्या. एक काळी, उंच, जाड नळ्यांची, आणि तिला वरचा आडवा दांडा दुहेरी होता. दूधवाले वापरतात तसली. दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवले तरी तिचं काही वाकडं होणार नाही अशी. दुसरी हिरवी, बुटकी, बारीक नळ्यांची. कोण्या साहेबाने शौकाने घेतलेली आणि मग मुलं मोठी झाल्यावर काढून टाकलेली असावी. रंग बराच शिल्लक होता. उचलली की हाताला वजन लागत नव्हतं.

वडील म्हणाले, घरी जाऊन भांडू नका, काय ते इथेच ठरवा. आणि ते म्हाताऱ्याशी बोलत ओट्यावर बसले.

ताईने दोन्ही फ्रेमा आडव्या टाकून नीट पाहिल्या. नळी जिथे नळीला मिळते तिथे बोटाने चाचपून पाहिलं. काळीच्या मागच्या टोकावर पाय देऊन उभी राहिली, हिरवीवरही राहिली. हिरवी किंचित दबल्यासारखी वाटली, पण पाय काढल्यावर होती तशी झाली. मी नुसता बघत होतो. मला काळी हवी होती. ती दिसायला म्हशीसारखी होती, पण टेकडीवरच्या दगडांवर ती थरथरणार नाही हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. मागायला मात्र जीभ उचलत नव्हती. ती मोठी, ती चांगली चालवणारी, पहिला हक्क तिचा.

मग ताईनेच काळी उचलून माझ्यासमोर उभी केली.

"हे तू घे," ती म्हणाली. "तुले उतारावर भेव लागते. हे हालत नाही."

"अन् तू?"

"मी पाहीन माहं."

मी घेतली. जरा वेळ नाही नाही म्हणायला हवं होतं, निदान तोंडदेखलं तरी. तेही म्हणालो नाही. आतून मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचा मला पुढे किती त्रास झाला ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

फ्रेमा बसच्या टपावर टाकून आम्ही नागपूरला आणल्या. आईने दोन्हींना वरचा दांडा आहे हे पाहून कपाळाला हात लावला. लेडीज नव्हती काय एखादी, असं तिने वडिलांना विचारलं. ताई सलवार-कमीजवर चालवणार होती, तिला दांड्याचं काही नव्हतं. कॉलेज सुटलं की आम्ही कुठून कुठून सामान गोळा करायचो. जुन्या सायकलीची चाकं ताईच्या फ्रेमला बसली. माझ्यासाठी वडिलांनी शाळेतल्या शिपायाकडून एक जोडी आणली. धरमपेठेतल्या एका दुकानदाराने दोन्ही सायकली उभ्या करून दिल्या, चालवून पाहिल्या, आणि पैसे घेऊन मोकळा झाला. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी अंगावर काटा येईल इतपत थंडी पडायला लागली होती. पोरांनी शर्यत ठरवली. माथ्यावरून एकदम सुटायचं, खाली पुलियाला जो आधी पोचेल त्याला बाकीच्यांनी तर्री-पोहे खिलवायचे. सात-आठ जण असू. ताई त्यात एकटी मुलगी.

सुटल्यावर मी पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या मागे पडलो होतो, पण या वेळी फार मागे नाही. काळी सायकल दगडांवरून अशी जात होती की जणू खाली दगडच नाहीत. मला ब्रेक सोडून द्यायचा धीर आला, वाटेत तिघा-चौघांना मी मागेही टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला उताराची मजा वाटत होती. पुढे झाडांच्या मधून ताईची पिवळी ओढणी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची.

शेवटच्या वळणावर वाट एका नाल्यात उतरून लगेच वर चढायची. तिथे मी पोचलो तेव्हा दोन पोरं सायकली टाकून उभी होती आणि ताई वाटेच्या कडेला एका सागाच्या बुंध्याशी पडलेली होती. हिरवी सायकल मोडून पडली होती. चिमटा जिथून निघतो त्या खालच्या जोडापाशी नळी तुटून फ्रेमचं पुढचं तोंड उघडं पडलं होतं, आणि पुढचं चाक चिमट्यासकट वेगळं होऊन लांब गेलं होतं. रक्त फार नव्हतं. कपाळ सुजलं होतं आणि डोळे मिटलेले होते. मी हाका मारल्या. काही वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, आई आली काय.

एका पोराने खालून रिक्षा आणली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. काळी सायकल तिथेच झाडाला टेकवून आलो होतो. संध्याकाळी कोणीतरी ती घरी आणून ठेवली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

दवाखान्यातून ताई लवकर घरी आली. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. आईने विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या. काही दिवस ताईला चक्कर यायची, उजेड सहन व्हायचा नाही. ती आतल्या खोलीत पडून असायची. जेवायला दिलं की दोन घास खाऊन ताट सरकवायची. आईला वाटायचं, अशक्तपणा आहे. एकदा ताईने वरणाची वाटी हातात धरून विचारलं, यात फोडणी-मसाला काही टाकलाच नाही का. आईने चाखून पाहिलं. वरण रोजच्यासारखंच होतं.

मग एका दुपारी शेजारच्या काकूंनी त्यांच्या गावाकडच्या मळ्यातली संत्री आणून दिली. आईने एक सोललं. सालीचा फवारा उडाला, खोलीभर वास पसरला. आईने फोडी सोलून ताईच्या हातात दिल्या. तिने एक तोंडात टाकली, हळूहळू चावली, दुसरी टाकली. मग साल उचलून नाकाशी नेली, चिरडली, पुन्हा नाकाशी नेली.

"गोड हाय," ती म्हणाली. "पण संत्र नाही लागत, आई."

मी दारात उभा होतो. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडत नव्हती ती. गणितात कुठे चुकलं ते शोधणाऱ्या माणसासारखा चेहरा होता.

डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला मार बसला की नाकाकडून मेंदूकडे जाणाऱ्या बारीक नसा कधी कधी तुटतात. परत येईल वास, किंवा येणार नाही. वाट बघा. आम्ही वाट बघितली. वास आला नाही.

लोकांना हे दुखणं समजायचंच नाही. हात गेला, पाय गेला, डोळा गेला तर माणूस हळहळतो. वास येत नाही म्हटलं की लोक म्हणायचे, चला, गटाराचा त्रास तरी वाचला. ताईही हसायची. पण ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होती. प्रॅक्टिकलला क्षार ओळखायला द्यायचे. परीक्षानळी तापवली की त्यातून कोणता वायू निघतो ते बाकीच्या मुली आधी वासावरून ताडायच्या. सडक्या अंड्याचा वास आला की एक, झोंबणारा आला की दुसरा, व्हिनेगरसारखा आला की तिसरा. ताईला प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा कागद भिजवून नळीच्या तोंडाशी धरावा लागायचा आणि त्याचा रंग बदलतो का ते पाहावं लागायचं. तिला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागायचा. ती पास झाली, बऱ्या मार्कांनी झाली. पण एम.एस्सी.ला तिने रसायनशास्त्र घेतलं नाही, गणित घेतलं. कारण विचारल्यावर म्हणाली, गणिताला वास नसतो.

घरात मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त एकदा, दळण आणून मी काळी सायकल अंगणात उभी करत होतो तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती सायकलकडे पाहत म्हणाली, "हे जड तिच्यापाशी असती तं..." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिला मला दुखवायचं नव्हतं, मनात आलेलं तोंडातून गेलं इतकंच. मी आत जाऊन बराच वेळ डबा रिकामा करत राहिलो.

वडिलांना मी म्हणालो की काळी सायकल विकून टाका. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की माझ्यामुळे झालं. ते लगेच नाही म्हणाले नाहीत, हे मला त्यांचं आवडायचं. त्यांनी विचार केला. मग म्हणाले की चांगलं-वाईट हे हातून काय घडलं यावर ठरत नाही, ते घडताना मनात काय होतं यावर ठरतं, हे आपण दर रविवारी ऐकतो.

"तुह्या मनात काय होतं ते तुलेच माहीत," ते म्हणाले. "तिथी पाहा. सायकल विकून काय होते?"

मी तिथे पाहिलं. तिथे मला ते हायसं वाटणं सापडलं. हिरवी मोडेल असं मला वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण दोन्हींपैकी मजबूत कोणती हे मला दिसत होतं, आणि ती आपल्याला मिळाली याचा आनंद झाला होता, आणि दुसरी कोणाला गेली याचा विचार मी केला नव्हता. वडिलांनी मला मोकळं करायला जे सांगितलं त्यानेच मी पक्का अडकलो.

मग मी ताईचं नाक झालो. कोणी सांगितलं नव्हतं. दूध नासलं का, भाजी उतरली का, फोडणी करपते आहे का, पावसाळ्यात तिच्या कपड्यांना कुबट वास येतो का, हे सगळं मी बघू लागलो. कॉलेजातून आलो की आधी स्वयंपाकघरात जायचो. ताई बाहेर निघाली की तिच्या जवळून जायचो आणि काही असेल तर हळूच सांगायचो. पहिली काही वर्षं तिने ते चालवून घेतलं. कधी कधी स्वतःच विचारायची, पाहा रे, हे बरोबर आहे ना. मला त्या विचारण्याने बरं वाटायचं. आज काही तरी केलं, असं वाटून मी निवांत झोपायचो.

ताई शाळेत गणित शिकवू लागली. तिचं लग्न झालं, धरमपेठेत दोन खोल्यांचं घर मिळालं. नवरा चांगला माणूस. टेलिफोन खात्यात होता, सकाळी लवकर ड्यूटीवर निघायचा. सासू बहुतेक गावी मोठ्या मुलाकडे शेतीवर असायची, अधूनमधून इकडे यायची. मलाही एका सरकारी कचेरीत नोकरी लागली, माझंही लग्न झालं. मग ताईकडे गॅस आला.

गॅस आल्यापासून माझी झोप उडाली. वास येत नसलेली बाई, दारं-खिडक्या लावलेलं घर, आणि कोपऱ्यात सिलिंडर. मी रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी प्रताप नगरहून धरमपेठेत जायचो. सायकल लावायची, सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, सिलिंडरजवळ वाकून वास घ्यायचा, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलायचं, मग चहा प्यायचा आणि निघायचं. ऊन असो, पाऊस असो. मला ताप आला असतानाही मी गेलो आहे, आणि तेव्हा माझंच नाक चोंदलेलं होतं. घरी माझ्या बायकोने यावर कधी वाद घातला नाही, पण सकाळच्या वेळी तिला माझी मदत हवी असायची आणि मी नसायचो.

एकदा ताईची सासू तिथे आलेली होती. मला तिच्या येण्याची कल्पना नव्हती. मी नेहमीप्रमाणे आत शिरलो, पातेल्यावरचं झाकण उचललं, वाकून वास घेतला. मागे म्हातारी उभी. तिने ताईला विचारलं की तुह्या भावाले आमच्या घरचं दूध सडकं वाटते काय. ताईने काहीतरी सांगून तिची समजूत घातली, आणि मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन आली. शाळेत जायच्या तयारीत होती, हातात घड्याळ बांधत होती.

"उद्यापासून येऊ नको," ती म्हणाली.

मी सिलिंडरबद्दल बोलू लागलो. नवरा लवकर जातो, ती एकटी असते, काही झालं तर.

"तू गॅससाठी येत नाही," ताई म्हणाली. "तू माफी मागाले येतो. रोज सकाळी. अन् मले रोज सकाळी ते पडलेली पोट्टी व्हावं लागते."

तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात फळ्यापाशी बोलावं तसं ती बोलत होती. इतक्या वर्षांत त्या फ्रेमांचा विषय आमच्या दोघांत एकदाही निघाला नव्हता. मी म्हणालो की तू मला चांगली फ्रेम दिली होती, ताई, आणि मी नाही म्हणालो नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पायरीवर बसली. मला वाटलं, हिला रडू येतं आहे.

"तू असं काहून समजतो गा?" ती म्हणाली. "चांगली मी माह्यासाठी ठेवली होती. हलकी होती, मनासारखी वळे. ते जड तुले दिली, तू मागं राहशील म्हणून. मले जिंकायचं होतं."

तिने घड्याळाचा पट्टा नीट केला.

"अन् मी पुढं होती," ती म्हणाली. "समद्याईच्या पुढं. ते कोणी सांगत नाही. समदे पडली तेच सांगतेत."

मग ती उठली, साडी झटकली आणि शाळेत गेली. मी कचेरीत गेलो. दिवसभर फायली उघडल्या आणि मिटल्या.

असं ऐकल्यावर माणसाचं ओझं उतरायला हवं. माझं तसं झालं नाही. आधी तर मला तिचा राग आला, हे मी कबूल करतो. इतकी वर्षं मी तिच्या त्यागाच्या ओझ्याखाली वागलो आणि तो त्याग नव्हताच. मग राग गेला आणि दुसरंच काही आलं. मला आठवलं, झाडांमधून पुढे दिसणारी ती ओढणी. ती खरोखर सगळ्यांच्या पुढे होती. ती पडली त्या वळणावर आधी पोचलेले दोघे तिच्या मागून आलेले होते. मला हे ठाऊक होतं, आणि घरी, दवाखान्यात, नातेवाइकांत, बायकोला, कोणालाही सांगताना मी ते एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या गोष्टीत ती बिचारी बहीण होती. भावासाठी चांगली वस्तू सोडणारी. तिला हव्यास होता, ती विचार करून हलकी फ्रेम निवडणारी खेळाडू होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नाक तिचं गेलं ते पडण्याने, पण जिंकायला निघालेली ती मुलगी मी माझ्या हळहळीत बुडवली. अपराधी वाटायला मला नवीन जागा मिळाली, आणि ही जागा जास्त खरी होती.

मी जाणं बंद केलं. सुरुवातीला सकाळ नकोशी व्हायची. बायकोने सांगितलेली कामं करायचो, पण लक्ष घड्याळाकडे. आता तिने चहा ठेवला असेल, आता तो निघाला असेल. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी सणावाराला जायचो तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या बाहेर बसायचो. ताई नेहमीसारखी बोलायची. माझ्या मुलाला गणिताची कोडी घालायची.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला गेलो होतो. सासू आलेली होती. आता ती माझ्याशी बरी बोलायची. जेवता जेवता तिने सहज सांगितलं की मागच्या महिन्यात इथे गॅसची नळी तडकली होती. माझा घास हातात राहिला. म्हातारी सर्दीने बेजार होती, तिला काही कळलं नव्हतं. ताई रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी साबणाचा फेस नळीला आणि सिलिंडरच्या तोंडाला लावून पाहते म्हणे. त्या दिवशी नळीवर बुडबुडे आले. तिने खालची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या, म्हातारीला बाहेर अंगणात खुर्चीवर बसवलं आणि चुलीसारख्या तीन विटा मांडून बाहेरच चहा केला. दुपारी माणूस येऊन नळी बदलून गेला. म्हातारीला सुनेचं फार कौतुक होतं. लग्नाच्या वेळी मला वाटलं होतं की नाक नसलेली सून काय कामाची, असंही ती म्हणाली आणि हसली.

ताई वाढत होती. तिने मला हे सांगितलं नव्हतं. का नाही ते मला कळत होतं, आणि मला कळतं आहे हे तिलाही कळत होतं. ती माझ्याकडे न पाहता माझ्या ताटात भाकरी वाढून पुढे गेली. मी भाकरी मोडली, वरणात कालवली आणि जेवू लागलो. ताईच्या नवऱ्याने आंबे यंदा कसे महाग झालेत तो विषय काढला. मी त्यात बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर उठलो. आंघोळ करून, कपडे घालून सायकल फाटकाबाहेर काढली आणि तिथेच उभा राहिलो. धरमपेठेचा रस्ता एकीकडे, कचेरीचा दुसरीकडे. नळी नवीन बसवली म्हणतात, पण कशी बसवली असेल. एकदा बघून यायला काय हरकत आहे, काही बोलायचं नाही, नुसतं बघून यायचं. शेजारचे गृहस्थ पेपर आणायला निघाले होते, त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

त्या दिवशी कचेरीत मी सगळ्यांच्या आधी पोचलो. शिपाई अजून कुलूप उघडत होता.